खिळ्यावरची माळ

माझ्या परमिट रूममध्ये गल्ल्याच्या मागे, देवाच्या फोटोखाली एक खिळा आहे. त्या खिळ्यावरून मला पुष्कळ जणांनी शहाणपण शिकवलंय. गोदाबाय, हे शोभत नाही, असं म्हणतात. म्हणणारेच मग पाठीमागच्या टेबलावर बसून क्वार्टर मागवतात. मी ऐकून घेते आणि पाणी, सोडा काय हवं ते विचारते.

मिरजोळ्याच्या रस्त्यावर आमचं हे हॉटेल. नवऱ्याने चालू केलं, तो गेला तसं लायसन माझ्या नावावर झालं. कारखान्यांची पाळी सुटली की माणसं येतात, कुणी भुर्जी सांगतो, कुणी मसाला शेंगदाणे, कुणी नुसता कांदा-लिंबू घेऊन तास काढतो. कधी पुण्याकडची मंडळी गाडी थांबवतात, फॅमिली सेक्शन आहे का विचारतात आणि जाताना फोनवर तारे देतात. एकाने लिहिलं होतं, उजेड कमी, मासळीत सौंदाळे उत्तम, मालकीणबाई तुसड्या. तुसडी आहेच मी. दारूच्या गल्ल्यावर बाईमाणसाने गोड बोलून चालतं का?

तर खिळा. आमच्याकडे घरातला माणूस फार प्यायला लागला की त्याला बुवांकडे नेऊन गळ्यात तुळशीची माळ घालतात. माळ घातली की दारू बंद आणि मासळीही बंद. काही जणांचं त्याने खरंच सुटतं, त्यांची तोंडं मला पुन्हा दिसत नाहीत आणि मला बरं वाटतं. काही जण मात्र महिन्या-दोन महिन्यांनी दारात उभे राहतात. माळ गळ्यात ठेवून पिववत नाही. पँटच्या खिशात कोंबवत नाही. टेबलावर ठेवावी तर तिथे माशाचे काटे. मग हळूच माझ्या पुढ्यात करतात आणि म्हणतात, वैनी, जरा ठेवा. मी ती फोटोखाली खिळ्याला अडकवते. जाताना आमचा वेटर बाबल्या ज्याची त्याला काढून देतो, तो चूळ भरतो, हात धुतो, माळ घालतो आणि घरी जातो.

दादू त्यातलाच. जन्मभर जहाजावर खलाशी होता, जग बघून आला आणि पेन्शनीत आमच्या पाठच्या वाडीत येऊन बसला. मोठ्याने बोलायचा नाही, कुणाची कळ काढायचा नाही. असं गिऱ्हाईक मिळायला नशीब लागतं, असं मी म्हणायचे. पुढे एकदा त्याला रक्ताची उलटी झाली. दवाखान्यात डॉक्टरने त्याच्या बायकोला, सखूला, बाजूला घेऊन सांगितलं की लिव्हर गेलंय, पुन्हा अशी उलटी झाली तर इथपर्यंत आणायलासुद्धा वेळ मिळायचा नाही. सखूने त्याला तसाच बुवांकडे नेला. एकट्याला जड जाईल म्हणून त्याच्याबरोबर स्वतःही माळ घातली.

ही सखू दाभोळची. माहेर सगळं बोटीवाल्यांचं. म्हावऱ्याशिवाय जिच्या घशाखाली घास उतरायचा नाही ती बाई नवऱ्यासाठी कुळथाच्या पिठीवर आली.

आणि दादू शिमग्यानंतर माझ्या दारात. मी त्याला सरळ बाहेरचा रस्ता दाखवला. दादू, मला तुझं पाप नको, घरी जा, असं म्हटलं. तो गेला. घरी नाही, पाठच्या बाजूला गावठी मिळते तिथे गेला आणि उपाशीपोटी ढोसून गटारात पडला. बाबल्याने उचलून आणला तेव्हा ओठाला रक्त होतं. पडून फुटलेल्या ओठाचं निघालं. त्या दिवसापासून मी त्याला बसू दिलं. माझी अट एकच. आधी भात आणि कालवण खायचं, मग नाइंटी, आणि ती मी ओतणार, पाणीही मीच घालणार.

त्याचीही एक रीत होती, ती त्याने कधी मोडली नाही. एकदा माळ परत गळ्यात गेली की दुसऱ्या संध्याकाळपर्यंत थेंब नाही. गावात कुणी बाटली पुढे केली तर गळ्याला हात लावून नको म्हणायचा. हे मी कानांनी ऐकलंय. म्हणजे काय, तर माझ्या खिळ्यावर माळ असायची तेवढा वेळच तो प्यायचा. मी मनाला समजावायचे की बाकीचे तास तरी वाचले.

गणपती झाल्यावर एका संध्याकाळी बाबल्याने घोळ घातला. खिळ्यावर दोन माळा होत्या, एक दादूची, एक हरिश्चंद्राची. हा हरिश्चंद्र कारखान्यात वॉचमन आहे. दादू आधी उठला. बाबल्याने हाताला आली ती माळ काढून दिली, दादूनेही अंधारात घातली आणि गेला. नंतर हरिश्चंद्र निघाला, माळ हातात घेतली आणि म्हणाला, ही माझी नाय. माझी साध्या दोऱ्यात ओवलेली, ही बघा तंगुसात आहे. तंगूस म्हणजे जाळ्याचा नायलॉनचा दोरा. दादूची माळ मागे एकदा तुटली होती, ती सखूने माहेरच्या तंगुसात ओवून दिली होती. त्या दोऱ्यावरच्या गाठी दाभोळच्या बाईच्या हातच्या, त्या काही ओढून सुटायच्या नाहीत. बाबल्याला मी इतक्या शिव्या घातल्या की हरिश्चंद्रच म्हणाला, जाऊ द्या वैनी, सकाळी बदलू. पण मला कळून चुकलं होतं की सकाळपर्यंत हे लपून राहत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी सखू आली. हॉटेल रिकामं होतं, बाबल्या टेबलं पुसत होता. या बाईने आमचा उंबरठा कधी ओलांडलेला नव्हता. आत येऊन तिने हरिश्चंद्राची माळ माझ्यासमोर गल्ल्यावर ठेवली.

"आंघोळीला काढून ठेवलेली त्याने," ती म्हणाली. "गाठ बघितली, तर माझी नाय. मग वाडीत एकीला विचारलं, माळा कुठे काढून ठेवतात. तिने तुमचं नाव सांगितलं."

मी खिळ्यावरून दादूची माळ काढली आणि तिच्या हातात दिली. ती रडेल, नाहीतर माझ्या अंगावर येईल, असं मला वाटत होतं. ती आली असती तर बरं झालं असतं. ती खुर्ची ओढून बसली. नेमकी दादूचीच खुर्ची, तिला कुठे माहीत.

"किती पितो?"

"नाइंटी. कधी वर थोडी. जेवल्याशिवाय देत नाही मी."

"जेवतो इथे?" तिने मान वर केली. "घरी दोन घास खातो आणि उठतो. मला वाटायचं माशाशिवाय जात नाय त्याला. मी रोज पिठीत लसूण जास्त घालायची."

आत भटारखान्यात संध्याकाळची तयारी चालू होती. तळत्या मासळीचा वास आला तशी सखू बोलायची थांबली.

"सौंदाळे काय गो?"

"हो. ताजे आहेत. वाढू तुला? गरम भाकरी आहे."

तिने आपल्या गळ्यातल्या माळेवर हात ठेवला आणि मान हलवली. बाबल्याचं फडकं टेबलावर तसंच थांबलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि दादूचा असा राग आला की तो समोर असता तर मी त्याला उलथण्याने मारला असता.

"त्याला देऊ नका असं सांगायला आलेली," सखू म्हणाली. "पण तुम्ही नाय दिलीत तर तो मागे जाईल. ओठ फुटला तेव्हा मी विचारलं, तर बोलला पायरीवरून पडलो. मला तेव्हाच कळायला हवं होतं."

मग तिने कातर मागितली. मी दिली. तिने तंगूस कापला, माळ ताटलीत मोकळी केली आणि मधले काही मणी काढून बाजूला ठेवले. उरलेले परत ओवले, टोकं मोकळी ठेवली. म्हणाली, घरी गेल्यावर गळ्यातच बांधते आणि तिथेच गाठ मारते. बुवांनी तशी सांगितलेय म्हणून सांगेन. डोक्यावरून निघायची नाय आणि माळ कापायची त्याची छाती नाय.

मला ते पटलं. खरं सांगते, मला फार हुशारीचं वाटलं. मला इतके महिने जे सुचलं नाही ते या बाईने एका कातरीत केलं, असं म्हणून मी तिला दारापर्यंत सोडायला गेले. काढलेले मणी तिथेच राहिले, ते मी गल्ल्यात चिल्लरीच्या शेजारी ठेवले. त्या संध्याकाळी दादू येऊ नये म्हणून मी देवाच्या फोटोला हात जोडले. दारूचा धंदा करून गिऱ्हाईक येऊ नये म्हणून हात जोडणारी मीच असेन.

दादू आला. रोजच्यासारखा गल्ल्यापाशी थांबला आणि मानेमागे हात नेला. माळ हनुवटीला अडली. त्याने कानाच्या बाजूने ओढून बघितलं, मग गाठ शोधली, नखाने उकरली. सगळं हॉटेल बघत होतं. भुर्जीवाल्यांनी चमचे खाली ठेवले. माझ्या पोटात मात्र आनंद मावत नव्हता.

"बाबल्या, सुरी दे रे," दादू म्हणाला.

"माझ्या दुकानात माळ कापायची नाही," मी म्हटलं. "घरी जा, दादू. सखू वाट बघत असेल."

तो तसाच उभा राहिला. तोंड अगदी गरीब झालेलं. मला वाटलं, चालला. त्याने शर्टाचं वरचं बटण लावलं, माळ आत गेली. मग तो आपल्या खुर्चीत जाऊन बसला.

"वैनी, भात नको आज. नाइंटी द्या."

मी नाही म्हटलं. तो उठला आणि पाठच्या दाराकडे, गावठीच्या वाटेला वळला. मी त्याला हाक मारून परत बसवला. भात वाढला, त्याने चिवडला. मग ओतली. पहिला घोट घेताना त्याने डोळे मिटले होते. दुसऱ्या घोटाला काही नव्हतं. त्याने तिसरी नाइंटी मागितली तेव्हा कुणी बघतसुद्धा नव्हतं.

त्या दिवसापासून त्याला खिळा लागेना. आणि खिळा लागेना तशी मीही लागेना. माळ काढायचीच नाही तर परत घालायची तरी कधी? सकाळी स्टँडवर चहाच्या टपरीमागे दिसायला लागला, दुपारी बाटली घेऊन बागेत. बाटली पुढे केली की गळ्याला हात लावून नको म्हणणारा माणूस तो, आता हात गळ्याकडे जायचा तो बटण लावायला. घरीसुद्धा सखूसमोर बसून पितो, असं बाबल्या सांगत आला. मी त्याला म्हटलं, मला नको सांगू.

परवा दुपारी सखू आली. या खेपेला खुर्चीत बसली नाही. चेहरा सुकलेला, हाताला दवाखान्याचा वास.

"गोदाबाय, ते मणी हायत काय?"

मी गल्ला उघडला आणि मणी काढून तिच्या ओंजळीत घातले. तिने ते बघितले आणि परत माझ्यापुढे ठेवले.

"काल रक्त पडलं. थोडंच. मी त्याला बोलले, इकडे ये, माळ सैल करून देते, पूर्वीसारखी. गोदाबायकडे जा, जेव, पी, खिळ्याला लाव आणि परत घालून ये. मी काय बोलणार नाय. पाया पडले त्याच्या."

"मग?"

"तो बोलला, असू दे गो. आता अडचण नाय होत."

मी तिला पाणी दिलं. दुसरं देण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.