केसरीनाथचा शांत वर्ग

केसरीनाथ वर्गात शिरायच्या आधीच त्याचा आवाज वर्गात पोचलेला असायचा. म्हणजे हा अजून जिन्यावर, बगलेत नकाशाची गुंडाळी, आणि वर नववी ब मधून हाच बोलताना ऐकू यायचा: "शांत बसा. आज आपल्याला काय शिकायचं हाय... आहे?" ते मधलं अडखळणं, गावचा शब्द गिळून पुस्तकातला पुढे ढकलणं, सगळं हुबेहूब. तो दारात आला की आवाज बंद. शेवटच्या बाकावर कोन गावचा भाविक हाताची घडी घालून बसलेला, साऱ्या भिवंडीत इतका गुणी मुलगा नसेल असा.

केसरीनाथ अंजूरचा. खाडीकाठच्या शेतावर गोडाऊन उभं राहिलं, भावांनी टेम्पो घेतले, आणि हा एकटा पदवी घेऊन बी.एड.ला गेला. गावात आत्तापासूनच त्याला मास्तर म्हणत. आई आनंदीबाई ते कौतुकानं म्हणायची, भाऊ म्हणायचे तेव्हा दात दिसायचे. नापास झालास तर टेम्पो धुवायपुसायला किन्नर लागतोच आहे, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं.

दोन हजार पाच साल, भारनियमनाचे दिवस. कॉलेजनं सराव पाठांसाठी जी शाळा दिली, तिच्या भिंतीला भिंत लावून लूमचा कारखाना होता. लाइट असली की खटॅक खटॅक चालू, त्यामुळे सगळा वर्ग ओरडूनच बोलायचा. केसरीनाथनं सगळं करून पाहिलं. गोडीनं सांगितलं, गोष्टी सांगितल्या. बाहेर उभी केलेली पोरं खिडकीतून क्रिकेटसारखी कॉमेंट्री करायला लागली. एकदा रागानं टेबलावर डस्टर आपटला, तर खडूच्या भुकटीनं त्यालाच शिंक आली. दुसऱ्या दिवशी तो आत आला आणि अख्खा वर्ग शिंकला.

कॉलेजचे सर डोळे मिटून, आरती म्हणावी तशा चालीत सांगायचे, "आशय उत्तम, परंतु वर्गनियंत्रण शून्य. वार्षिक पाठाला बाहेरचे परीक्षक येतील. तिथे आम्ही आपल्याला वाचवू शकणार नाही."

बरोबरची दिपाली कल्याणची, फटकळ. ती म्हणाली, "तू पण ना! सगळेच करतात. मस्तीखोर पोरं त्या दिवशी दाजींकडे द्यायची, पाण्याची टाकी धुवायला. परीक्षकाला काय स्वप्न पडतंय?"

ते खरंच होतं. शाळेचे शिपाई दाजी वार्षिक पाठांच्या दिवसांत सकाळीच येऊन, रद्दीवाल्यासारखं विचारायचे, "बोला, आज कोनाची पोरं द्यायची हायेत?" केसरीनाथनं नाही म्हटलं. शिकवायला आलो आणि शिकणाऱ्यालाच बाहेर काढायचं, हे त्याला पटेना.

मग पाठाच्या आदल्या दिवशी, मधल्या सुट्टीत, तो नकाशा ठेवायला वर गेला आणि दाराशीच थबकला. भाविक फळ्यापुढे उभा होता, खांद्यावर रुमाल, बगलेत फुटपट्टी. केसरीनाथसारखंच नाक ओढून तो विचारत होता, "दिवसा वारा कुठून येतो?"

"समुद्राकडून!" सगळा वर्ग.

"का?"

"जमीन लवकर तापते म्हणून!"

"आणि रात्री?"

"जमिनीकडून!"

पहिल्या बाकावरच्या चंद्राच्या डोळ्यांतून हसून हसून पाणी येत होतं. केसरीनाथला फक्त स्वतःचं नाक दिसलं, स्वतःची चाल दिसली. कानशिलं तापली. तो तसाच खाली उतरला आणि दाजींना नाव देऊन आला.

दुसऱ्या दिवशी हातात खराटा घेतलेला भाविक त्याला जिन्यात आडवा आला. मागे बसून ऐकतो, काही करणार नाही, असं तो सांगत राहिला. केसरीनाथ दाजींबरोबर जा एवढंच म्हणाला. भाविकची आत्या अंजुरात दिलेली, शाळेबाहेर दोघांची ओळख वेगळी. तो आवाज खाली आणून म्हणाला, "केसरीदादा, बसू दे ना."

"शाळेत दादा न्हाय," केसरीनाथ म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्यानं शब्द सुधारला नाही.

पाठ सुरू झाला आणि लाइट गेली. लूम थांबले. इतकी शांतता त्या वर्गानं कधी ऐकली नव्हती. दिवसा वारा कुठून येतो, केसरीनाथनं विचारलं. कोणी बोलेना. त्यानं पुन्हा विचारलं. चंद्रानं मागे वळून रिकाम्या बाकाकडे पाहिलं आणि मान खाली घातली. तेव्हा केसरीनाथच्या लक्षात आलं, काल याच प्रश्नाला या सगळ्यांनी उत्तर दिलं होतं. आपला पाठ पोरं शिकली होती, फक्त आपल्याकडून नाही. खिडकीतून खाडीचा वारा येऊन नकाशा फडफडत होता, आणि तो एकेक प्रश्न विचारून स्वतःच उत्तर देत होता. खालून टाकीत खराटा घासल्याचा आवाज येत होता.

परीक्षक खूश झाले. "वर्ग असा हवा. टाचणी पडली तरी ऐकू येईल."

तो पास झाला. निरोपाला नववी ब मध्ये गेला तेव्हा पोरांनी उभं राहून नमस्कार केला. त्यानं मागच्या बाकाकडे पाहून, हसत, एकदा माझा पाठ घेऊन दाखव म्हटलं. भाविक उठला. हात सरळ, नजर फळ्यावर.

"मला येत नाही, सर."

पुढे केसरीनाथ पडघ्याच्या एका शाळेत लागला. आनंदीबाईनं आळीभर पेढे वाटले. भाऊ आता खरोखरीच मास्तर म्हणतात. मुख्याध्यापक नव्या शिक्षकांना त्याचा वर्ग दाखवायला आणतात, कुजबूजही नसते. प्रश्न विचारून तो थोडा थांबतो आणि उत्तर स्वतःच सांगतो. तासाला जाताना मात्र जिन्यावर त्याचं पाऊल हळू पडतं, शेवटच्या दोन पायऱ्यांवर तर तो उभाच राहतो. वरून काही ऐकू येत नाही. मग तो आत जातो.