दोन्हीकडची टोपी

स्टेडियममध्ये आमच्या पुढच्या रांगेतल्या माणसाच्या टोपीवर पुढे आमच्या बेसबॉल संघाचं चिन्ह होतं आणि मागे आमच्या हाडवैऱ्यांचं. अशा टोप्या आता दुकानात मिळतात म्हणे. माझं डोकंच फिरलं.

"तुम्हाला काय करायचंय? त्याची टोपी, त्याचं डोकं," बायको म्हणाली.

या दोन संघांच्या शहरांचं वैर इथल्या लोकांना आजा-पणजाकडून मिळालेलं आहे. मला ते शेजारच्या म्हाताऱ्या वॉल्टरने दिलं. मी अमेरिकेत नवा होतो. आदल्या रात्री याच वैऱ्यांनी आमच्या संघाला धुतलं होतं. सकाळी तो कुंपणापलीकडून एवढंच म्हणाला, "वी लॉस्ट." इंग्रजीत 'आम्ही'ला आणि 'आपण'ला शब्द एकच. मी मात्र 'आपण' ऐकलं. या परक्या गावात मला कुणी धरून म्हटलेलं ते पहिलं 'आपण', आणि ते हरण्यातून मिळालं होतं. दोन्हीकडची टोपी घालणाऱ्याला ते कुठून मिळणार? त्याला हरायचंच नसतं. फुकटे लेकाचे.

त्या हाडवैऱ्यांविरुद्धचा सामना आम्ही हरलो. पुढच्या माणसाने टोपी काढली, मागची बाजू पुढे करून घातली आणि हसत स्वतःचा फोटो काढला. टोपी फिरवणं म्हणजे काय, ते मी प्रथमच डोळ्यांनी पाहिलं.

इतकी वर्षं 'तुमची टीम' म्हणत आलेली बायको त्याच्याकडे रोखून बघत होती.

"मेल्याला हसायला काय झालं?" ती म्हणाली. "आपण हरलोय इथं."