बेचाळिसाव्या वर्षी वसंताचा कागद

आमच्या वाडीच्या ट्रान्सपोर्ट गोदामात माल टिकत नाही. सकाळी उतरतो, संध्याकाळी दुसऱ्या ट्रकमध्ये चढतो. किस्से मात्र कोणी उचलून नेत नाही, त्यांची थप्पीच लागते. मी तिथं आधी हमाल होतो, आता गेटवर बसतो. शिक्षण चौथीपर्यंत, म्हणून साधंच सांगतो. त्या थप्पीतले निम्मे किस्से वसंताचे. तो आमचा चेकर, म्हणजे उतरणारा माल मोजून लिहिणारा.

*

वसंता माझ्याच गल्लीतला. मीच त्याला कामाला लावलं.

आमचे हमाल पहिल्या पोत्याला ‘एक’ म्हणत नाहीत. ‘लाभ’ म्हणतात, मग दोन, तीन. जुनी रीत आहे. पहिल्याच संध्याकाळी वसंताच्या कागदावर प्रत्येक ट्रक एका पोत्यानं कमी!

मुकादम ओरडला, “अबे, एक पोतं गेलं कुठं?”

वसंता शांतपणे म्हणाला, “एक आलंच नाही. दोनपासून आले.”

त्याला रीत समजावून दिली. त्यानंतर वीस वर्षं त्याची मोजणी चुकली नाही.

*

गेल्या साली नवीन मॅनेजर आले. पहिल्याच मीटिंगमध्ये म्हणाले, “कोणाला काही तक्रार असेल तर मोकळेपणानं सांगा.”

असं सगळेच मॅनेजर म्हणतात, आणि आपण माना डोलवतो. वसंता उभा राहिला. त्यानं चाळीस तक्रारी सांगितल्या, तारखेसकट.

मॅनेजर कसनुसं हसून म्हणाले, “झालं?”

“एक राहिली. पंधराव्या तक्रारीपासून तुम्ही मोबाईल पाहून राहिले.”

हमाल पोट धरून हसले. मॅनेजर हसले नाहीत.

*

दुसऱ्या दिवशी वसंताला समोरच्या काउंटरवर बसवलं. तिथं तीन फोन, भांडणारी गिऱ्हाइकं आणि दारात ट्रकचे हॉर्न. तिसऱ्या दिवशी तो कान दाबून टेबलाखाली बसलेला सापडला.

“नाटक आहे सगळं,” मॅनेजर म्हणाले. “एक महिना देतो. सुधारला नाही तर घरी.”

मी टेबलाखाली वाकलो. तो म्हणाला, “काका, मी सुधारून राहिलो. होत नाही.”



*

वसंताची बायको मंदा अंगणवाडीत आहे. त्याच आठवड्यात तिचं एक प्रशिक्षण झालं. लहान मुलांमधला ऑटिझम कसा ओळखायचा, त्याचं. तिथून ती घरी न जाता थेट माझ्याकडे गेटवर आली.

“काकाजी, मॅडम लेकराइबद्दल सांगत होत्या, न् मले घरचा माणूसच दिसत होता! आवाज सहन न होणं, नजरेले नजर न देणं, ठरलेलं बदललं की घाबरणं. मोठ्या माणसाइची तपासणी होत असन का?”

“मले काय माहीत वं? पण पाहू. महिना आहे आपल्याजवळ.”

*

पहिले डॉक्टर म्हणाले, “बेचाळीस वर्षांच्या माणसाला कसला ऑटिझम? नोकरी आहे, लग्न केलंय!”

मंदा म्हणाली, “लग्न त्यानं नाही केलं साहेब, मी केलं. तो फक्त वेळेवर आला.”

आणि आमच्याकडे वळून, “चला, दुसरा डॉक्टर पाहू.”

*

दुसऱ्या डॉक्टर मॅडम. त्यांनी वसंताशी दोन वेळा तास तासभर बोलून घेतलं. मग म्हणाल्या, “लहानपणी हे कसे होते, ते सांगणारं कोणी हवं.” त्याची आई आधीच वारली होती, म्हणून मी गेलो.

मी सांगितलं, “गल्लीत लग्नाचा बँड आला की हा खाटेखाली लपायचा. आम्ही सगळे हसत त्याला ओढून बाहेर काढायचो, नाचवायचो. मॅडम, मीपण ओढलं आहे.”

वसंता भिंतीकडे पाहत म्हणाला, “काकांनी हळू ओढलं होतं. बाकीच्याइनं जोरानं.”

मॅडमनी तेही लिहून घेतलं.

*

महिना संपायला दोन दिवस होते. मॅडम म्हणाल्या, “हा ऑटिझमच आहे. हा जन्मापासून असतो. यात तुमचा काही दोष नाही.”

वसंतानं विचारलं, “म्हणजे मी मुद्दाम करत नव्हतो?”

“नाही.”

“मराठीत लिहून द्या.”

त्याच कागदानं काम झालं. मॅनेजरनी तो दोनदा वाचला, खुर्ची ओढून वसंताला बसवलं आणि विचारलं, “तुला काय पाहिजे?” आज वसंता पुन्हा माल मोजतो, आणि काम बदललं की त्याला आदल्या दिवशी चिठ्ठी मिळते.

*

पण कागद मॅनेजरकडे जायच्या आधी एक गोष्ट झाली. दवाखान्यातून निघाल्यावर मी म्हणालो, “ऑटो कर, सरळ गोदामात जाऊ. मॅनेजर पाच वाजता निघतात.”

“आधी घरी,” वसंता म्हणाला.

“काहून गा? नोकरीचा सवाल आहे!”

“आई विचारत होती. रोज विचारत होती, काहून असं करतं गा वसंता? मले सांगता येत नव्हतं.”

घरी गेला. चप्पल काढली. आईच्या फोटोसमोर उभा राहिला आणि कागद मोठ्यानं वाचायला लागला. नाव, वय, तपासणी, सगळं. एक ओळ सोडली नाही. मंदा पदरानं डोळे पुसत होती. मी घड्याळाकडे पाहणं सोडून दिलं.

शेवटी त्यानं अगदी खाली छापलेलंही वाचलं, “दवाखाना रविवारी बंद राहील.”

मग फोटोकडे पाहून म्हणाला, “झालं, आई.”