माझ्याच हातचा गुंता

खामगावच्या एका औषधांच्या गोदामात मी नऊ वर्षं प्रोग्रामर होतो. म्हणजे प्रोग्राम लिहिणारा, प्रिंटर दुरुस्त करणारा आणि इंटरनेट गेलं की शिव्या खाणारा, तिन्ही मीच. बायको सरकारी नर्स. तिची बदली नाशिकला झाली आणि मुलगी तिच्यासोबत गेली. वर्षभराने मलाही तिथे नोकरी मिळाली, पण पहिल्या तारखेला हजर व्हायचं तर जुन्या जागेचं रिलीव्हिंग लेटर हवं होतं. मालक म्हणाले, "नव्या पोरीले सारं समजू दे, मग तू मोकळा." हातात अठरा दिवस होते.

नवी पोरगी मूळची मेहकरची, पुण्यात दोन वर्षं नोकरी करून परत आलेली, हुशार. तिने माझा प्रोग्राम उघडला आणि वरपासून खालपर्यंत चाळला. सगळा कारभार मी एकाच अवाढव्य क्लासमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या एकाच कप्प्यात, कोंबला होता. ती म्हणाली, रिफॅक्टरिंगचं टूल लावू. कामाला धक्का न लावता ते नुसती मांडणी सुधारतं, चार दिवसांत सगळं नीट होईल. मी त्याच संध्याकाळी बॅग भरायला घेतली.

टूलने झपाट्याने काम केलं. मोठ्या क्लासचे लहान क्लास केले, नावं बदलली, जिथे जिथे ती वापरली होती तिथेही बदलली. मग काही फंक्शन्स, म्हणजे एकेक काम करणारे छोटे तुकडे, दाखवून विचारलं, ही कुणीच वापरत नाही, काढून टाकायची का? तिने हो म्हटलं. एकही चूक दिसली नाही. दुसऱ्या दिवशी प्रोग्रामच्या चाचणीच्या कॉपीवर मालाची नोंद चढवली, तर फ्रीजमध्ये ठेवायची इन्सुलिनची खोकी साध्या रॅकच्या यादीत जाऊन बसली.

टूलचा त्यात दोष नव्हता. थंड माल तपासणाऱ्या फंक्शनला मी कुठेच सरळ नावाने बोलावलं नव्हतं. डेटाबेसमधून मालाचा प्रकार उचलायचा, त्याला एक शब्द जोडायचा आणि जे नाव तयार होईल ते फंक्शन चालवायचं, असा माझा खाक्या. ते नाव प्रोग्राम चालू असतानाच तयार होतं. टूल फक्त लिहिलेलं वाचतं, न लिहिलेलं त्याला कसं दिसणार? म्हणून ते फंक्शन बिनवापराचं ठरून निघून गेलं. अशा कितीतरी जागा होत्या आणि त्यांचा पत्ता फक्त माझ्या डोक्यात होता.

ती रोज टूल चालवायची, रोज काहीतरी मोडायचं, मोडलं तेवढंच मी सांगायचो, रोज आम्ही होतो तिथेच. मला आधी टूलचा संताप यायचा, मग विनाकारण तिचा. संध्याकाळी जवळच्या पिंपळगाव राजाला, गावाकडच्या घरी आलो की वडील विचारायचे, "एवढं शिकला, अन् सुट्टी काऊन नाही भेटून राह्यली तुले?" आपलेच दात, आपलेच ओठ. नाशिकहून माझ्या मुलीने तर फोनवर 'कधी येणार' हे विचारणंच सोडलं होतं.

चौदाव्या दिवशी तिने विचारलं, "सर, असं काऊन लिहिलं तुम्ही?"

घाईत लिहिलं, असं सांगणार होतो. पण खोटं बोलण्याचाही कंटाळा आला होता. काही वर्षांपूर्वी मालकांनी ऑफिसातल्या दोघांना एका दिवसात घरी बसवलं होतं. तेव्हापासून मी मुद्दाम असं लिहायला लागलो.

"मले कोणी काढू नये म्हणून," मी म्हणालो.

टूलने केलेले सगळे बदल तिने मागे घेतले आणि पिशवीतून वही काढली.

"मग राहू द्या, सर, हे असंच. मले बी पुण्याले परत नाही जायचं, आई एकटी आहे घरी. कुठं काय आहे, ते फक्त मले सांगा."

ती कशात शिरतेय हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तिला थांबवायला हवं होतं. पण पहिली तारीख चार दिवसांवर होती. मी खुर्ची जवळ ओढली आणि एकेक जागा सांगत गेलो. तिसऱ्या दिवशी माझ्या पत्रावर सही झाली. मी निघताना तिने वही टेबलाच्या खणात ठेवलेली दिसली. ती ऑफिसात ठेवू नकोस, कुणाच्या हाती लागेल, रोज घरी नेत जा, हेही मीच तिला सांगितलं.