शेवटच्या भागाची सबटायटल्स

सिंगापूरमधल्या यिशुन भागातला आमचा फ्लॅट रिकामा करताना कपाटामागे ओजसचा लहानपणीचा, सुपरहिरोचा लाल प्लास्टिकचा पट्टा सापडला. बटण दाबलं, पण त्यातून वाजणारी शिटी केव्हाच बंद पडली होती.

ओजस सहा वर्षांचा असताना दर रविवारी सकाळी आम्ही बापलेक जपानी सुपरहिरोची मालिका बघायचो. इंग्रजी सबटायटल्स मी त्याला मराठीत सांगायचो, कारण घरात मराठीच बोलायचं हा त्याच्या आईचा नियम होता. शेवटच्या भागाच्या दिवशी ती हॉस्पिटलमध्ये होती. आता आशा नाही, असं डॉक्टरांनी मला आदल्याच दिवशी सांगितलं होतं. ओजस पट्टा बांधून माझ्या मांडीवर बसला होता, बोटं काया टोस्टवरच्या नारळाच्या जॅमने चिकट झालेली. निघताना हिरो मागे वळून काहीतरी बोलला. खाली लिहिलं होतं, 'मी परत येणार नाही.'

"काय म्हणतोय, बाबा?"

"लवकर परत येईन म्हणतोय."

ओजसने पट्टा सोडला आणि सोफ्यावर ठेवला. भाग संपला म्हणून असेल, असं मला इतकी वर्षं वाटत होतं.

आज माझ्या हातातला पट्टा घेऊन ओजस म्हणाला, "मला तेव्हा इंग्रजी वाचता यायचं, बाबा."

"मग बोलला का नाहीस?"

"तुझ्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, त्यामुळे तुला नीट दिसलं नाही."