मोज्यातली तंबाखू

परवा जुनी सॅक झटकताना तंबाखूचा वास आला आणि मला दाजीपूरच्या जंगलातली तळ्याकडे जाणारी वाट आठवली. पाऊस नुकताच सरला होता, पानांखालची माती अजून ओली होती, म्हणजे जळवा असणारच. त्या पायाला लागू नयेत म्हणून आमच्याकडे मोज्यात तंबाखू घालतात. शाळेच्या सहलीपासून माझ्या मोज्यात ती माझी मैत्रीणच घालायची. त्या दिवशी मात्र ती गुडघ्यावर बसून पुण्याहून आलेल्या तिच्या ऑफिसातल्या नव्या मैत्रिणीच्या मोज्यात चिमटी-चिमटीनं तंबाखू पसरत होती. मी पाय पुढं केला, तर पुडी माझ्याकडं टाकत म्हणाली, "तुला काय सांगायचं, तू हितलीच हायस की." मी पुडी तशीच सॅकमध्ये कोंबली. शेवाळलेल्या, दोघींच्या कवेत न मावणाऱ्या झाडांखालून त्या हसत पुढं चालल्या होत्या, मी मागं. मोज्याच्या वर, नवीच्या पोटरीवर चढणारी जळू मला दिसली. मी काही बोलले नाही. तळ्यावर रक्त बघून ती रडायलाच लागली आणि माझी मैत्रीण तिचा पाय मांडीवर घेऊन तासभर बसली. समोरच्या तळ्याकडं दोघींनी धड पाहिलंही नाही. माझ्या मोज्यात तीन जळवा फुगल्या होत्या, त्या मी झाडाआड जाऊन एकटीनंच काढल्या. अजून त्या दिवसाचा विषय निघाला की मैत्रीण म्हणते, "तुला बरी एकबी लागली न्हाय." मी नुसतं "व्हय" म्हणते.