सौद्याच्या दिवशीची खिडकी

साताऱ्यातल्या घरी बसून आज मी ज्या सर्व्हरांवर लक्ष ठेवते, त्यांपैकी एकही मी डोळ्यांनी पाहिलेला नाही. पडद्यावर आलेख सरकत राहतो. सर्व्हरकडे माहिती मागणारी एखादी विचारणा रेंगाळली की रेषेचा रंग बदलतो. ती कोणी केली, कशासाठी केली, हे कळायला मार्ग नसतो. अशा वेळी तासगावच्या रस्त्यावरचे एक बेदाण्याचे कोल्ड स्टोरेज आठवते. तिथला सर्व्हर ऑफिसातल्या एका टेबलाखाली होता. तो मंदावला की खिडकीपलीकडची माणसे समोरच दिसत.

तेव्हा मी सांगलीत एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत होते. शनिवारी रहिमतपूरला घरी, सोमवारी सकाळच्या गाडीने परत. या स्टोरेजला कंपनीने मालनोंदणीचा प्रोग्राम दिला होता आणि त्यामागचा डेटाबेस माझ्याकडे होता. शेतकरी शेडवर वाळवलेला बेदाणा आणून ठेवी, त्याच्या नावावर लॉट पडे. सौद्याच्या, म्हणजे लिलावाच्या, दिवशी सकाळी तो खिडकीवर येई. त्याचा लॉट शोधून चिठ्ठी छापली जाई आणि ती दाखवली की आतून नमुन्याचा बॉक्स निघून सौद्याच्या हॉलमधल्या टेबलावर लागे. सौदा सुरू होईपर्यंत बॉक्स लागला नाही, तर तो लॉट पुढच्या सौद्यावर जाई.

दोन खिडक्यांपैकी मुख्य खिडकीवर एक बाई होत्या. चाळिशी ओलांडलेल्या, त्याच तालुक्यातल्या. त्याआधी बरीच वर्षे त्यांनी निवडणीच्या हॉलमध्ये काढली होती. दिवसभर उभे राहून काडी, काळा दाणा, फुटका दाणा वेगळा करायचा. गुडघे बोलू लागल्यावर त्यांनी तासगावात टायपिंगचा क्लास लावला. कॉम्प्युटर आला तेव्हा मालकांनी त्यांना खिडकीवर बसवले. मालक सांगलीकडचे जैन शेतकरी आणि व्यापारी. सगळे त्यांना अण्णा म्हणत.

तक्रार एकच होती. एरवी प्रोग्राम बरा चाले, सौद्याच्या दिवशी मात्र चिठ्ठी निघत नसे. खिडकीसमोर माणसे साठत, ऊन चढत जाई आणि हॉलमधून कोणीतरी येऊन अजून किती राहिलेत म्हणून विचारी. काही बॉक्स मागे राहू लागले, तेव्हा अण्णांनी मला बोलावून घेतले. ते ओरडले नाहीत. पुढचा सौदा बघायचा, नाहीतर पूर्वीसारखी हाताने चिठ्ठी, एवढेच त्यांनी सांगितले. हाताने चिठ्ठी लिहिणारे त्यांच्या घरचे दोघे होते. बाईंनी कुठे जायचे, हे कोणी बोलले नाही. निवडणीचा हॉल भिंतीपलीकडेच होता.

परतताना बाई फाटकापर्यंत आल्या.

"मॅडम, मला परत आत हुबं राहायला लावू नका," त्या म्हणाल्या. "एवढंच बघा."

अण्णांनी बोलावण्याआधीच मी नेहमीचे उपाय करून पाहिले होते. साध्या दिवशी जाऊन मोजले, तर सगळे ठीक दिसले. मग रॅम वाढवली. त्यानंतरच्या सौद्याला डिस्क शांत राहिली, पण प्रोसेसरचा आलेख चढला तो उतरेना. मग आडनावावर सूची केली. पुस्तकाच्या शेवटी असते तशी सूची असली की सर्व्हरला सगळी पाने चाळावी लागत नाहीत. या सर्व्हरने ती सूची वापरलीच नाही. जास्त वेळ खाणाऱ्या विचारणांची नोंद आपोआप होईल अशी सोय केली. त्या नोंदीत एकच विचारणा पुन्हा पुन्हा दिसे. ती दरवेळी सगळ्या हंगामांचे सगळे लॉट पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत होती. पण का, ते सांगलीत बसून कळेना.

म्हणून आता फक्त पाहण्यासाठी एका सौद्याला सकाळीच जाऊन बाईंच्या शेजारी स्टूल टाकले. त्या दिवशी चिठ्ठ्या अडल्या तरी चालेल, असे अण्णांनी कबूल केले होते. निकाल त्याच्या पुढच्या सौद्याला लागणार होता.

पहिला आला तो टोपी सारखी करत म्हणाला, "मिलिटरीवालं."

बाईंनी नाव विचारले नाही. शोधाच्या चौकटीत त्यांनी 'मिलिटरी' एवढाच शब्द टाकला. त्याच्यामागचा होता तळ्यावरचा. मग सोसायटीवाले. मग लिंबाखालचे दोघे भाऊ, एकाच वेळी खिडकीत डोके घालून. आडनाव एकानेही सांगितले नाही. सांगून उपयोगही नव्हता, कारण त्या गावांत निम्म्याहून अधिक घरांचे आडनाव एकच होते आणि पहिली नावेही तीच तीच. प्रोग्राम करताना आम्ही सांगलीत बसून आडनावाची चौकट मोठी आणि ठळक केली होती. बाईंनी पहिल्या हंगामातच तिचा नाद सोडला. त्या नावापुढे कंस करून माणसाची खरी ओळख टाकत आणि शोधताना कंसातला शब्द शोधत. शब्द नावाच्या पोटात कुठेही असू शकत असल्याने सर्व्हरला प्रत्येक ओळ उघडून बघावी लागे. एरवी दिवसाला अशी दोनचार माणसे येत, ते निभावून जाई. सौद्याच्या सकाळी दोन्ही खिडक्या, ऑफिस आणि फाटक असे सगळे मिळून एकाच वेळी सर्व्हरला तेच काम लावत.

दुपारी अण्णांनी विचारले, चूक कोणाची. बाई प्रिंटरमध्ये कागद भरत होत्या. त्यांचा हात थांबला.

मी सांगितले की खिडकीवरचे काम बरोबर आहे. प्रोग्रामने जे विचारायला हवे होते ते विचारलेच नाही, म्हणून यांना वेगळी वाट काढावी लागली. हे खरे होते, त्यामुळे सांगायला सोपे गेले. अण्णांनी मान हलवली आणि पुढच्या सौद्याची आठवण करून दिली.

उपाय फार मोठा नव्हता. ओळखीसाठी स्वतंत्र चौकट करायची, आधी गाव निवडायचे, मग त्या गावातली ओळख, आणि सूची या दोन्हींवर मिळून. म्हणजे सर्व्हर एका गावापुरतेच बघेल. कंसातले शब्द बाहेर काढायला एक छोटा प्रोग्राम लिहिला. पण एकाच घराची ओळख एका हंगामात मिलिटरीवाले आणि दुसऱ्यात सोसायटीवाले, कारण वडील फौजेतून आलेले आणि मुलगा सोसायटीचा सेक्रेटरी. ते जुळवणे मशीनच्या हातचे नव्हते. मधल्या दिवसांत बाई आणि मी चहाचे कप बाजूला सारत ते करत बसलो. एखादे अडले की त्या फोन लावत. "आवं काका, तुमचं आन् मळ्यातल्यांचं बेदाणं एकच का वायलं?" पलीकडून लांबलचक उत्तर येई. त्यात पाऊस, द्राक्षांवरचा डाग आणि कोणाची तरी सोयरीक असे. ऐकून घेतल्यावर घर एकच की वेगळे, हे त्या मला एका शब्दात सांगत: "वायलं."

एका गोष्टीला मात्र त्यांनी हरकत घेतली. नव्या रचनेत आधी गाव विचारावे लागणार होते. त्या म्हणाल्या, गाव विचारले तर माणसाला वाटेल, हिने ओळखले नाही. चाचणीच्या दिवशी तसेच झाले. एक म्हातारे गृहस्थ खिडकीचा गज धरून म्हणाले, "गाव इचारतीस व्हय? इतकी वर्सं येतोय की गं." आणि उत्तर न देताच उभे राहिले.

बाई रात्रभर विचार करून आल्या असाव्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतःच पद्धत बदलली. माणूस खिडकीपाशी पोचायच्या आतच त्या हाक मारत, "या, मणेराजुरीकर, आज लवकर?" आणि हाक मारता मारताच गाव निवडलेले असे. माणूस खूश, सर्व्हरही मोकळा. शेजारच्या खिडकीवर नवीन मुलगी होती. तिला चेहरे माहीत नव्हते, म्हणून बाई मान वळवून तिच्याकडे आलेल्यांचीही गावे घेत.

सौद्याचा दिवस आला. मी टेबलाखालच्या सर्व्हरला जोडलेल्या पडद्यासमोर होते. आलेख तळाशी आडवा पडून राहिला. विचारणा येत होत्या आणि आल्या तशा सुटत होत्या. प्रिंटरचा आवाज खंडत नव्हता.

तरी खिडकीसमोर गर्दी होती. आधीच्या सौद्याइतकीच.

अण्णा ऑफिसच्या दारात आले. त्यांनी आलेख पाहिला नाही, गर्दी पाहिली. चेहऱ्यावरून त्यांचे हाताच्या चिठ्ठीचे ठरले होते असे वाटले. बाई खुर्चीत जरा पुढे सरकून बसल्या. त्यांनी अण्णांकडे पाहिलेच नाही. मी उठून आलेख दाखवायला लागले, तर अण्णांनी हाताने थांबवले आणि सरळ खिडकीबाहेर विचारले, अजून चिठ्ठी मिळाली नाही का.

मिलिटरीवाल्यांनी खिशातून चिठ्ठी काढून दाखवली. "चिठ्ठी कवाच मिळाली, अण्णा. बॉक्सबी गेला आत."

"मग हितं का हुबं हायसा?"

"बोलतोय की. आता टाइम हाय तर बोलतोय."

बाकीचे हसले. तेवढ्यात हॉलमधला माणूस आला आणि म्हणाला की सगळे बॉक्स लागले, सौदा सुरू करायचा का. त्या हंगामात वेळेआधी हे विचारले गेल्याचे मला तरी आठवत नव्हते. अण्णांनी त्याला मान हलवून हो म्हटले. मग लोकांना खिडकी सोडून सावलीत बोलत उभे राहायला सांगितले आणि आत वळून बाईंना म्हणाले, "तुमी बसा. आन् त्या पोरीला गावं शिकवा."

पुढे मी सांगली सोडली. आता तिथे शेतकऱ्याच्या मोबाइलवर लॉट नंबर येतो आणि तो फाटकावर दाखवला की पुरते, असे ऐकते. माझ्याकडच्या आजच्या सर्व्हरांवर त्याहून कितीतरी अवघड कामे चालतात आणि ती वेगाने होतात. पण काम सुरळीत झाल्यावर माणसे कुठे थांबतात, काय बोलतात, हे आलेखावर येत नाही. त्या दिवशी सौदा सुरू झाल्यावरही काही वेळ ती माणसे कडुनिंबाच्या सावलीत उभी होती. बाई दोन्ही खिडक्यांच्या मध्ये खुर्ची ओढून नव्या मुलीला बोट दाखवून सांगत होत्या, तो पांढऱ्या शर्टातला कुठला, ते काठी टेकून बसलेले कुठले. मुलगी एकेक गाव पुटपुटत होती.